निखाऱ्याला धूर नसतो

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या खेड्यातल्या विहाराच्या ओट्यावर पंधरा-वीस पोरं गोल करून बसत, आणि पुंजाजी पट्टेबहादूर त्यांच्या मधोमध दोन पिशव्या उपड्या करत असे. एकीत चिंचोके, दुसरीत मक्याचे दाणे. घडलं त्याला चिंचोका, घडलं नाही त्याला मक्याचा दाणा. पाटी नाही, खडू नाही. एवढ्या भांडवलावर त्या माणसानं अकरा वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवलं. तर्कशास्त्र हा शब्द त्यानं एकदाही वापरला नाही. पोरं त्याला म्हणायची, "आबाचे तीन सवाल."

आमचं गाव अनसिंगच्या अलीकडं. पुंजाजी आणि मी एकाच वस्तीतले, माझ्यापेक्षा तो वर्षानं लहान. तरुणपणी आमच्या भागात जलशाची एक पार्टी होती. मी तीत काम करायचो, आणि सतरा वर्षांच्या पुंजाजीला पडद्याची दोरी ओढायला ठेवलं होतं. एका वगात मी भोंदूबुवा व्हायचो. मूठ झटकली की हवेतून राख पडायची आणि बायाबापड्या हात जोडायच्या. शेवटच्या प्रवेशात त्या बुवाचं बिंग फुटायचं, असा तो वग होता. शिरपूर जैनच्या खेळात मी मूठ झटकली आणि पडद्याआडून आवाज आला, "राख अगुदरच मुठीत होती! म्या पाह्यली!"

अख्खा मांडव हसला. वग तिथंच संपला. आमचे म्होरके चिडून म्हणाले, "अबे येड्या, शेवटी आपण तेच दाखवणार होतो ना!"

"मंग आताच सांगतलं तं काय बिघडलं?" पुंजाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. मला मात्र तो प्रसंग आजही आवडतो. इतक्या वर्षांत माझ्या कामाला पडलेली सर्वांत खरी दाद तीच असेल.

पुढे तो रेल्वेत लागला, कीमन झाला. रोज हातोडा खांद्यावर टाकून ठरलेला रूळ चालत तपासायचा. चावी सैल आहे का, तडा गेलाय का, ठोकून आवाज ऐकायचा. त्याच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, दुसऱ्यानं पाहिलं असं माझ्यापुढं बोलू नकोस, तू चाल आणि तू पाहा. तेहेतीस वर्षं तो चालला. मधे एका पावसाळ्यात विहारात एक म्हातारे भंते वर्षावासाला राहिले. दिवसभराचं चालणं झालं की पुंजाजी त्यांच्या पायाशी बसायचा. त्यांनी त्याला जुन्या भिक्खूंची वाद करायची पद्धत शिकवली. माणसाला दोनच रस्त्यांनी कळतं, एक डोळ्यानं पाहून आणि दुसरं, पाहिलेल्यावरून अनुमान करून. ऐकलेलं म्हणजे ज्ञान नाही, ती फक्त जाऊन पाहण्याची सूचना. आणि अनुमान करायचं तर आधी तीन प्रश्न विचारायचे. निवृत्त झाल्यावर पुंजाजीनं तेच प्रश्न पोरांपुढे मांडले.

एक रविवार मला अजून लख्ख आठवतो. मी खांबाला टेकून ऐकत होतो.

"टेकडीवर धूर दिसला. मंग काय हाय तठी?"

"आग!" सगळी पोरं.

"काहून?"

"धूर हाय म्हणून."

"असं कसं? पयला सवाल कोणता?"

"जे दिसून राह्यलं ते खरंच हाय का?" उत्कर्ष म्हणाला. तो सहावीत होता, सगळ्यांत मोठा, त्यामुळं स्वतःला मॉनिटर समजायचा. "धूर हाय का धुकं, का धुराळा, ते पायलं पायजे."

"शाबास. दुसरा?"

"धूर असते तठी आग असते, हे अजून कुठी पाह्यलं?" रज्जाकची कशिश म्हणाली. आणि उदाहरणांचा पाऊस पडला. आमच्या चुलीत. वीटभट्टीत. उसाच्या गुऱ्हाळात. "आबा, तुमच्या बिडीत!"

"माह्या बिडीवर नजर ठेवू नका, पोट्टेहो. तिसरा?"

"जठी आग नाईच, तठी कधी धूर असते का?"

"सांगा मंग. तळ्यात असते का?"

"नाई!"

"झालं. तिन्ही सवाल पार. आता म्हना, टेकडीवर आग हाय."

पोरं म्हणाली. पण पुंजाजीची नात पौर्णिमा, आठ वर्षांची, दोन वेण्यांची, ती गप्प होती. "पण आबा," ती म्हणाली, "निखाऱ्याले कुठी धूर असते?"

"म्हंजे?"

"आईनं चुलीतून निखारा काढला. धूर नव्हता. म्या म्हनलं, धूर नाई म्हंजे आग नाई. बोट लावलं." तिनं बोटावरचा फोड वर करून सगळ्यांना दाखवला.

पुंजाजीनं तिचं बोट हातात घेऊन पाहिलं. मग त्यानं मूठभर चिंचोके तिच्या ओंजळीत घातले. "ध्यानात ठेवा रे सगळे. धूर हाय म्हणून आग हाय, हे बरोबर. धूर नाई म्हणून आग नाई, हे चूक. तसं धरलं तं भाजते. हे मले भंतेनं शिकवलं नव्हतं. माह्या नातीनं शिकवलं."

कशिश या वर्गात कशी आली तेही सांगतो. रज्जाक आमच्या गावचा बर्फगोळेवाला. त्याचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. पोरीनं हट्ट धरला तेव्हा तो स्वतः विचारायला आला होता. "पुंजादादा, हे कोनती पढाई हाय? धरमाची तं नाई ना?"

"नाई रे. डोक्याची हाय."

"मंग बसवा. घरी माहं डोकं खाते, अठी तुमचं खाऊ द्या."

आणि ती खरंच खायची. एकदा गावात बोभाटा झाला की मोतीबाईची नजर लागून चतुराबाईचं दूध नासतं. पुंजाजीनं पोरांना कामाला लावलं. अकरा दिवस पोरं दोन्ही घरांवर पाळत ठेवून होती आणि रोज ओट्यावर चिंचोके-दाणे मांडत होती. दूध नासलं त्या चार दिवसांपैकी तीन दिवस मोतीबाई गावातच नव्हती. आणि चारही दिवस चतुराबाईच्या सुनेनं कालच्या न धुतलेल्या पातेल्यात, त्याच गंजात, आजचं दूध ओतलं होतं. कशिशनं हे भर चौकात सांगितलं. चतुराबाई सुनेवर ओरडली, मोतीबाई रडली, आणि तेव्हापासून गावात एक बोलणं रूढ झालं. "पुंजाजी बोलला म्हंजे पाह्यलंच असंल."

हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं ऐकत होतो. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की कोणाच्या शब्दावर विसंबू नका, त्याच्या शब्दावर गाव डोळे मिटून विसंबायला लागलं होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

दोन वर्षांपूर्वीची भीमजयंती. एप्रिलचं ऊन, त्यात रमजान चालू होता. मिरवणुकीला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं आली आणि सरबतासाठी विहाराची स्टीलची टाकी पुरेना. पुंजाजी घरी गेला आणि मुलाच्या, रवीच्या, गोठ्यामागं पडलेला निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आला. खाली तोटी असलेला. पावसाळ्यात रवीनं सोयाबीनवर फवारायचं कीडमार औषध त्यात पाण्यात कालवलं होतं. पण त्याला आठ-नऊ महिने झाले होते, ड्रम तेव्हापासून उन्हात कोरडा पडला होता. तरीही पुंजाजी तो पुंजाजीच. हापशावर नेऊन साबणाच्या पुडीनं तीनदा घासला. मी हापसा मारत होतो. मग त्यानं आत डोकं घालून वास घेतला.

"उकंड्या, तूबी घे."

मी घेतला. "साबणाचा वास हाय फक्त."

"औषधाचा वास नाई म्हंजे औषध नाई," तो म्हणाला. मी मान डोलावली.

बर्फ रज्जाकनं आणला. वाशीमहून एक अख्खी लादी. निम्मी विहारात दिली. निम्मी संध्याकाळच्या इफ्तारला मशिदीत नेली. "जयंतीचा बर्फ हाय, दादा, पैशाचं बोलू नका," असं म्हणून तो निघून गेला. त्याचा रोजा होता, त्यामुळं थेंबभर सरबतही त्यानं चाखलं नाही. बर्फ फोडून टाकीत टाकला, ड्रमातही टाकला. लिंबू, साखर, मीठ दोन्हीकडं एकाच बाईच्या हातचं. ड्रमाची तोटी पहिल्यांदा सोडली ती पुंजाजीनं. पहिला गिलास नातीला दिला. पांढरा फ्रॉक, निळी रिबीन, पौर्णिमा एका दमात प्याली आणि ओठ पुसत म्हणाली, "आबा, अजून."

अर्ध्या तासात ओट्यावर पोरं ओकायला लागली. आधी वाटलं ऊन लागलं. मग पौर्णिमाच्या तोंडातून लाळ यायला लागली, हातपाय थरथरायला लागले. मिळेल त्या गाडीत घालून अकरा पोरं वाशीमला नेली. दहा वाचली. पौर्णिमा संध्याकाळच्या आत गेली.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर अर्धं गाव उभं होतं. पुंजाजी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिची एक चप्पल होती. कोणीतरी विचारलं, "कशानं झालं, बाबा?"

तो मग म्हणाला, "बर्फानं. रज्जाकच्या बर्फानं."

एवढंच. तीन शब्द. पुढे मी त्याला विचारलं होतं की तू तसं का म्हणालास. तो म्हणाला, "बाकी सारं म्या डोळ्यानं पाह्यलं होतं, उकंड्या. लिंबू, साखर, पाणी, ड्रम. बर्फच तेवढा बाहेरून आलता. तोच पाह्यला नव्हता." म्हणजे त्या घडीलाही त्याचं डोकं अनुमानच करत होतं. फक्त तीन सवाल विचारायचे राहून गेले. नात गेलेल्या माणसाला ते विचारायला कोण सांगणार?

पण गावानं ते अनुमान म्हणून ऐकलं नाही. पुंजाजी बोलला म्हणजे पाहिलंच असेल. तासाभरात फोनवरून सगळ्या वस्तीत पोचलं. रज्जाक इफ्तार करून घरी येत होता, तेव्हा गल्लीच्या तोंडावर पोरांनी त्याला गाठलं. गोळ्याची गाडी उलथली, रंगाच्या बाटल्या फुटल्या, त्याचा डावा हात कोपरात मोडला. पोलीस आले आणि त्यालाच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको लतीफा हापशावर गेली तर बायांनी तिचा हंडा खाली ठेवू दिला नाही.

तपासायला काही उरलं नव्हतं. बायांनी त्याच संध्याकाळी रडत रडत सगळी भांडी धुऊन ठेवली होती, ड्रमसुद्धा. भांडी उष्टी ठेवायची नाहीत, ही आमच्या बायांची सवय, मयताच्या दिवशीही ती सुटली नाही. ठाण्याचे साहेब पुंजाजीच्या घरी येऊन गेले. म्हणाले, "काका, दुःखाची वेळ आहे, सोमवारी या. पण सगळं आता तुमच्या जबाबावर आहे. तुम्हीच सगळी व्यवस्था पाहत होतात. तुम्ही सांगाल तसं लिहू."

सोमवारच्या आधी रविवार आला.

पुंजाजी आठ वाजता विहाराच्या ओट्यावर जाऊन बसला. शिकवायला नाही. घरात सुनेच्या, म्हणजे पौर्णिमाची आई नीलिमा हिच्या, रडण्याचा आवाज बंद झाला होता, आणि तो बंद झालेला आवाज त्याला ऐकवत नव्हता. मी शेजारी जाऊन बसलो. हळूहळू पोरंही आली. नऊ-दहा. त्यातली तीन दवाखान्यातून नुकतीच सुटलेली.

मग कशिश आली. पाठीला दप्तर. पायरीखालीच थांबली.

"तू कायले आली?" उत्कर्षनं विचारलं.

"रविवार हाय."

"तुह्या बापानं..."

"उत्कर्ष," पुंजाजी म्हणाला. एवढंच म्हणाला.

कशिश वर आली नाही. तिथूनच म्हणाली, "आबा, तुमी पाह्यलं का?"

"काय, बेटा?"

"बर्फात इख होतं, ते. पाह्यलं असंल तं सांगा, मी घरी जातो. नसंल पाह्यलं, तं तीन सवाल कोणी विचारले? कधी विचारले?" तिनं खांद्यावरचं दप्तर वर सरकवलं. "मोतीबाईसाठी अकरा दिवस मांडलं होतं. माह्या अब्बूसाठी एक दिवसबी नाई?"

रंगमंचावर मी पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत. कमावलेल्या आणि चुकून झालेल्या. तशी पुन्हा ऐकू नये. पुंजाजीनं दोन्ही तळहात मांडीवर ठेवले होते. तो म्हणाला, "उत्कर्ष, पिशव्या आण. कशिश, वर ये. तुही जागा मोकळी हाय."

पिशव्या आल्या. त्यानं खडा घेऊन फरशीवर रेघ ओढली. "इकडं स्टीलची टाकी. तिकडं निळा ड्रम. खाली मशीद. एकेकानं आपलं सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाई. आयकलेलं सांगायचं नाई. इख चढलं असंल तं चिंचोका, नसंल तं दाणा. बर्फ होता का नव्हता, तेबी."

"टाकीतून प्यालो," उत्कर्ष म्हणाला. "दोन गिलास. बर्फ होता, दाताले लागला. काही नाई झालं." दाणा.

"टाकी. बर्फ. काही नाई." दाणा. टाकीच्या बाजूला नुसते दाणे पडत गेले.

"मशिदीत बर्फ आमचाच होता," कशिश म्हणाली. "त्याच लादीचा. म्या प्याली, अम्मी प्याली. हसनैन चाचानं तं तीन गिलास घेतले. मगरिबच्या टायमाले, रोजा सोडताना, म्या सगळ्यायले पाह्यलं, कोणी ओकलं नाई." तिनं स्वतःपुरता एकच दाणा ठेवला. पुंजाजी म्हणाला, "डोळ्यानं पाह्यले तेवढे ठेव." तिनं ओंजळभर ठेवले.

मग निळा ड्रम. दवाखान्यातून आलेली दोन पोरं एकामागून एक म्हणाली, "निळा. बर्फ होता. ओकलो." चिंचोका. चिंचोका. तिसरी एक लहान पोरगी होती, रतनसिंग ड्रायव्हरची, पहिलीतली. जयंतीच्या दिवशी ती सरबताला उशिरा पोचली होती.

"निळा," ती म्हणाली. "पन बर्फ सरला होता. ड्रम रिता झाला म्हून नवीन सरबत ओतलं, त्यात बर्फ नव्हताच."

"नक्की?"

"हो ना. गरम होतं. म्या आईले म्हनलं, कोमट हाय, नाई पायजे. आई म्हने, पी."

"मंग?"

"मले दोन रोज सलाईन लावलं."

तिनं चिंचोका ठेवला. मला कळायला लागलं होतं. उत्कर्षनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्यालाही कळलं होतं.

पुंजाजीनं पिशवीत हात घातला, एक चिंचोका काढला, थोडा वेळ मुठीत धरला. मग निळ्या ड्रमाच्या ओळीत सर्वांत वर ठेवला. "पौर्णिमा," तो म्हणाला. "निळा. पयला गिलास. माह्या हातानं."

नंतर त्यानं सवाल विचारले. शपथेवर सांगतो, आवाज रोजच्यासारखाच होता.

"म्या म्हनलं, बर्फात इख होतं. पयला सवाल. निळ्या ड्रमात बर्फ होता का?"

"होता," पोरं हळू म्हणाली.

"दुसरा. अजून जठी जठी बर्फ होता, तठी इख चढलं का?"

"नाई."

"तिसरा. जठी बर्फ नव्हता, तठी इख नव्हतं का?"

रतनसिंगची पोरगी म्हणाली, "मले चढलं."

"म्हंजे बर्फ पयल्यात पास, दोनात नापास. सोडा त्याले. दुसरं कारण सांगा. कोणती गोष्ट सगळ्या चिंचोक्यायच्या घरी हाय आणि एकाबी दाण्याच्या घरी नाई?"

पोरांना येत होतं. प्रत्येकाला येत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर एकही हात वर झाला नाही. कशिशसुद्धा दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत बसली.

"आबा, नको," उत्कर्ष म्हणाला.

"निळा ड्रम," पुंजाजी म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "पुंजा, अरे तीनदा घासला आपण. म्या स्वतः वास घेतला. वास नव्हता."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आत घासला, उकंड्या. तोटीत काय बसलं होतं ते कोणी पाह्यलं? आणि वास नव्हता म्हणून औषध नव्हतं, असं आपण धरलं." त्यानं ओठ चावला. "निखाऱ्याले धूर असते का?"

दुपारी तो घरी गेला आणि मुला-सुनेला त्यानं सगळं सांगितलं. रवी उठून गोठ्याकडं गेला आणि तिन्हीसांजेपर्यंत परत आला नाही. नीलिमानं एकच विचारलं, "पयला गिलास तिले काहून देला, मामाजी?"

"लाडाची होती म्हणून," तो म्हणाला.

त्यानंतर आजपर्यंत ती त्याच्याशी बोललेली नाही. ताट वाढते. बोलत नाही.

सोमवारी अनसिंगच्या ठाण्यात मी त्याच्याबरोबर होतो. साहेबांनी लिहायचं थांबवून पेन टेबलावर ठेवलं. "काका, विचार करून बोला. हे लिहिलं की गुन्हा तुमच्यावर लागेल. आत्ता काहीच सापडलेलं नाही. नातही तुमचीच गेली आहे."

"लिहा," पुंजाजी म्हणाला. "आणि त्याले सोडा."

"तुम्हाला तरी शंभर टक्के खात्री आहे का?"

"पाह्यलं नाई. अनुमान हाय. पन तीन सवालातून पार झालेलं हाय. आधीचं होतं ते दोनात नापास झालं."

वास मीही घेतला होता, हे मी तिथं सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

रज्जाक सुटला. पुंजाजी त्याच्या घरी गेला तेव्हा सामान बांधणं चालू होतं. रज्जाकचा हात गळ्यात होता. तो शिव्या देईल असं मला वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दादा, तुमी चतुराबाईच्या गंजापर्यंत गेलते पाहाले. माह्या गाडीपर्यंत आले असते तं?" त्याच आठवड्यात ते लतीफाच्या भावाकडं कारंज्याला निघून गेले. कशिशनं जाताना ओट्यावरचे चिंचोके पिशवीत भरून ठेवले आणि पिशवी माझ्या हातात दिली. पुंजाजीला भेटली नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. एका माणसानं खरं सांगितलं, दुसरा सुटला, पडदा. पण आमच्या गावानं तो पडदा पडू दिला नाही. पुंजाजीनं जबाब दिल्याचं कळलं आणि संध्याकाळपर्यंत गाव म्हणायला लागलं, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! नात गेली तरी दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं!" म्हणजे बर्फातच विष होतं, यावर कोणाचीही शंका उरली नाही. पुंजाजी आधी बोलला होता ना? मग ते पाहिलंच असणार. आता बोलला ते दया म्हणून. त्यानं जीव तोडून सांगितलं, तसतसा तो लोकांच्या मनात थोर होत गेला आणि रज्जाक तितकाच काळा. मशिदीला जाणारा बर्फ आता दुसऱ्या गावाहून येतो. विहारातला वर्ग बंद आहे. पोरांना घरचे पाठवत नाहीत. "त्याच्या दुःखात कायले भर?" म्हणतात.

वाशीमच्या कोर्टात तारखा पडतात. तारीख नसली की पुंजाजी सकाळी निघतो. खांद्यावर पूर्वी हातोडा असे, आता दोन पिशव्या असतात. एका टोकाच्या घरापासून सुरुवात करतो आणि रूळ तपासत जावं तसा घरामागून घर जातो. ओसरीवर बसतो, चिंचोके मांडतो, तीन सवाल विचारतो. लोक ऐकतात, चहा देतात, पाया पडतात. "बाबा, तुमच्यासारखा माणूस होणे नाई," म्हणतात. तो पिशवी भरून पुढच्या घरी जातो. एकही घर त्याला अजून पटलेलं मिळालेलं नाही.

गेल्या महिन्यात तो माझ्या दारात आला. मांडलं नाही. नुसता उभा राहिला.

"उकंड्या, वास दोघांनी घेतलता."

"हो."

"मी एकटा सांगतो तं लोक मले मोठा करतात. दोघांनी सांगतलं तं कदाचित चूक म्हणून आयकतील."

मी आयुष्यभर स्टेजवर खोटं बोललो आणि लोकांनी टाळ्या दिल्या. हे एक वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली होती. मी चप्पल घातली.

पहिलं घर चतुराबाईचं. तिनं पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. मी बसायच्या आधीच म्हणालो, "चतुराबाई, त्या ड्रमाचा वास म्याबी घेतलता. मलेबी वाटलं, काही नाई. तो बर्फ नव्हता."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग पुंजाजीकडं. डोळ्याला पदर लावला. "तुमीबी लय चांगले हा, उकंडभाऊ. दोस्तासाठी बोलून राह्यले." मग आत वळली. "चहा ठेवतो. पन बाबा, ते चिंचोके नका मांडू आता. जीव तुटते."

पुंजाजीनं पिशवीची गाठ सोडली.

"पयला सवाल," तो म्हणाला.